बाटलीची पाठ

आमच्या पनवेलच्या लाइन आळीतल्या वाण्याच्या दारातच शाम्पूच्या पुड्यांच्या लडी लोंबत असतात. परवा त्यातल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पुडी तोडून घेतली, चष्मा पुसला आणि मागची बाजू वाचायला लागले. किंमत, बॅच नंबर, कारखान्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, एवढं तिन्हींवर होतं. घटकांची यादी मात्र एकीवरच, तीही मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. “काकू, एक्स्पायरी बघताय का? ताजा माल आहे,” वाणी म्हणाला. आत काय आहे ते बघतेय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गव्हाची जात विचारण्याऐवजी गोत्र विचारलं.

यादी न छापण्यात बेकायदा काही नाही. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आता ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ लागू आहेत. त्यानुसार घटकांची यादी देणं बंधनकारक आहे, पण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी घन माल असलेल्या पाकिटाला सूट आहे. जुन्या नियमांतही ती होतीच. पुडीत पाच-सहा मिलिलिटर शाम्पू असतो. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना रुजवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून ‘चिक’ शाम्पू गावोगाव नेला. तेव्हापासून पुडी हीच या देशात शाम्पूची खरी बाटली झाली. म्हणजे ज्याला बाटली परवडते त्याला वाचायचा हक्क, आणि रोजच्या मजुरीतून रुपया-दोन रुपये काढणाऱ्या बाईला तो कंपनीच्या मर्जीवर. गंमत अशी की बऱ्याच खपाऊ ब्रँडांत पुडीतला शाम्पू दर मिलिलिटरला बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा पुडी घेणारी बाई हिशेबात हुशार आहे; तिच्यापासून फक्त माहिती लपलेली आहे.

बाटली घेतली तरी यादी वाचायची कशी? एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने, असा नियम आहे. ‘कुठल्याही क्रमाने’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. पहिली तीन-चार नावं घ्या. शंभर रुपयांच्या बाटलीवर आणि सातशेच्या बाटलीवर ती बहुतेक वेळा सारखीच निघतात: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपाइल बीटेन, मीठ. यातलं दुसरं नाव पनवेलकरांना परकं वाटायचं कारण नाही, कारण ते आपल्याच तालुक्यात तयार होतं.

तळोजा एमआयडीसीत गॅलक्सी सरफॅक्टंट्स या कंपनीचा कारखाना आहे. १९८० मध्ये काही मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली. तिच्या गिऱ्हाइकांत युनिलिव्हर, प्रॉक्टर अँड गॅम्बल, लॉरिआल, डाबर, हिमालय, केविनकेअर अशी नावं आहेत. म्हणजे टीव्हीवर एकमेकांच्या उरावर बसणारे ब्रँड कच्च्या मालासाठी एकाच फाटकापाशी येऊन उभे राहतात. यात लाजण्यासारखं काही नाही. लाडू सगळ्यांच्या घरचे वेगळे असले तरी बेसन एकाच गिरणीतून येऊ शकतं. पण लाडवाला लाडवाची किंमत द्यावी, बेसनाला नव्हे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावं.

हे ‘बेसन’ बनतं कसं ते ऐकण्यासारखं आहे. खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासून बारा-चौदा कार्बनांची साखळी असलेलं लॉरिल अल्कोहोल काढतात. त्याला इथिलीन ऑक्साइडचे एक ते तीन रेणू जोडतात. दुसरीकडे गंधक जाळून त्याचा वायू उत्प्रेरकावरून नेला की सल्फर ट्रायऑक्साइड मिळतो. तो वायू आणि ते अल्कोहोल नळ्यांच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखं ओघळत असताना भेटतात आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्ल मारतात. हाती येतो सत्तर टक्क्यांचा फिकट, व्हॅसलीनसारखा लगदा. त्याची एक खोड या धंद्यातली माणसं हसत सांगतात. तो पातळ करायला म्हणून नवशिक्याने वरून थोडं पाणी ओतलं की तो पातळ व्हायच्या ऐवजी दगडासारखा घट्ट होतो, कारण पन्नास टक्क्यांच्या आसपास त्याच्या रेणूंची रचनाच बदलते. मग घुसळणीचं पातं अडकतं आणि साहेबांचा पारा चढतो. म्हणून लगदा हळूहळू पाण्यात सोडायचा, पाणी लगद्यात नाही.

मीठ कशाला? चवीला नव्हे, दाटपणाला. या फेसद्रव्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं की ते मधासारखं घट्ट होतं, आणखी घातलं की पुन्हा पाण्यासारखं पातळ. कढीत मीठ जास्त पडावं तशी ही चूकही परत फिरवता येत नाही. तेव्हा बाटली उलटी केल्यावर शाम्पू किती हळू ओघळतो यावरून तो ‘दमदार’ ठरवणं सोडून द्यावं. तो दाटपणा बहुधा काही पैशांच्या मिठाचा असतो.

आता सल्फेटच्या भीतीबद्दल. लॉरिल सल्फेट आणि लॉरेथ सल्फेट ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. पहिल्याच्या मधे इथिलीन ऑक्साइड जोडलं की दुसरं होतं आणि ते कातडीला बरंच सौम्य असतं. पहिलं इतकं बोचरं की कातडीला चुरचुर कशाने किती होते हे मोजायला प्रयोगशाळेत मापाचं द्रव्य म्हणून तेच वापरतात. चुरचुर, कोरडेपणा, नखाजवळची कातडी फाटणं, हे सगळं खरं. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस ईमेलवरून ‘याने कॅन्सर होतो’ अशी जी आवई उठली, तिला आधार सापडलेला नाही. सल्फेटच्या पोटात दुसरी एक शंका आहे, तिची चर्चा मात्र कमी होते. इथिलीन ऑक्साइड वापरताना १,४-डायऑक्सेन नावाचं उपद्रव्य थोडंसं तयार होतं. कोणी मुद्दाम न घातल्यामुळे ते यादीत कधीच येत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२३ च्या अखेरीपासून अंगाला लावायच्या साबण-शाम्पूंत त्याची मर्यादा दहा लाखात एक भाग इतकी खाली आणली. चांगला कारखाना ते निर्वात पात्रात उडवून काढतो, गलथान कारखाना काढत नाही, आणि बाटलीच्या पाठीवर दोघांचं नाव एकच: सोडियम लॉरेथ सल्फेट. घटक वाचण्याची मर्यादा इथे संपते.

‘सल्फेट-फ्री’ लिहिलेली बाटली उलटून पाहिली तर पुष्कळदा सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट सापडतं. रसायनाच्या व्याकरणात ते सल्फेट नाही, हे खरं. तेल खेचण्यात मात्र ते लॉरेथ सल्फेटच्या भाऊबंदांतलंच. खरोखर मऊ हवं असेल तर कोकॉइल आयसेथियोनेट, कोकॉइल ग्लुटामेट, डेसिल ग्लुकोसाइड यांपैकी एखादं नाव पाण्याच्या लगेच मागे दिसायला हवं. ही महाग असतात. फेस कमी देतात, म्हणून आपल्याकडे गिऱ्हाईक कुरकुरतं. फेस म्हणजे स्वच्छता ही समजूत कोणी घातली असेल ते असो, जाहिरातवाल्यांनी ती जोपासली.

माझ्या मते बाटली-बाटलीतला खरा फरक यादीच्या उत्तरार्धात असतो, जिथे आपण वाचायचा कंटाळा करतो. तिथे टिकवण्याची द्रव्यं असतात. शाम्पूत भरपूर पाणी असतं, न्हाणीघर दमट, टोपण अर्धं उघडं. काही न घालता ठेवलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशी धरेल. पॅराबेन हे काम कित्येक दशकं बिनबोभाट करत होते. २००४ मध्ये ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेन आढळल्याचं प्रसिद्ध केलं. शेजारच्या निरोगी ऊतींत ते किती होतं याची तुलना त्या अभ्यासात नव्हती, पॅराबेनमुळे गाठ झाली असंही त्यांनी म्हटलं नव्हतं. पण एवढा बारकावा कोण ऐकणार? ‘पॅराबेन-फ्री’चे शिक्के उमटू लागले आणि त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं द्रव्य आलं. त्यानंतर युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे मानेवर, पापण्यांवर, हातांवर पुरळ घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संस्थेने त्याला २०१३ सालचं ‘वर्षातलं ॲलर्जीकारक’ ठरवलं. युरोपने अंगावर राहणाऱ्या मलमांतून ते हद्दपार केलं आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत दहा लाखात पंधरा भागांवर आणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. भीतीने काढलेल्या जुन्या वस्तूच्या जागी नवीन काय घातलं, हे पाहिल्याशिवाय ‘फ्री’ या शब्दाला भुलू नये. तिसरं नाव डीएमडीएम हायडँटोइन. ते हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडून जंतू मारतं. ज्याला फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी आहे त्याने ते टाळावं, बाकीच्यांनी धसका घेण्याचं कारण नाही. सोडियम बेन्झोएट आणि फिनॉक्सीइथेनॉल ही त्यामानाने गरीब मंडळी.

फिनॉक्सीइथेनॉलचा आणखी एक उपयोग आहे. त्याला परवानगीच एक टक्क्यापर्यंत, म्हणून ते यादीतला मैलाचा दगड ठरतं. त्याच्यानंतर जे जे आलं ते एक टक्क्याच्या आतलं, हे निश्चित. समोर मोठ्या अक्षरांत ‘आर्गन ऑइल’ किंवा ‘कांद्याचा अर्क’ आणि पाठीमागे तेच नाव फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली, असं दिसलं की समजावं, बाटलीत त्याचा वास आहे, फार तर सावली आहे. त्याच्या वर असलं तरी हुरळून जाऊ नये. एक टक्क्याखालच्यांचा क्रम कंपनीच्या मर्जीचा.

सुगंध आणि रंग यांबद्दल फार लिहीत नाही. ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे पन्नास द्रव्यं लपू शकतात आणि ॲलर्जीचं ते एक मोठं कारण आहे. युरोपला पाठवायच्या बाटल्यांवर लिनालूल, लिमोनीन अशी नावं वेगळी दिसतात. रंग केसांना काहीच करत नाही. सिलिकॉन, म्हणजे डायमेथिकॉन किंवा डायमेथिकॉनॉल, केसावर पातळ थर देतं आणि गुंता सोडवतं. ते विष नाही, पण काही आठवड्यांनी केस जडशीळ वाटू लागले तर दोष त्याला द्यावा. गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेलं ग्वार हायड्रॉक्सीप्रोपाइलट्रायमोनियम क्लोराइड हे लांबलचक नाव पाहून घाबरू नये. आपल्या भाजीतलीच गवार ती, शाळेत जाऊन सूटबूट घालून आलेली.

कोंड्याच्या शाम्पूत गंमत आणखी वेगळी. कोंडा मॅलसेझिया नावाच्या यीस्टशी जोडलेला आहे आणि त्यावरचं झिंक पायरिथिऑन हे जुनं खात्रीचं द्रव्य. युरोपने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत ते बंद केलं. आपल्याकडे आणि अमेरिकेत ते चालू आहे. केटोकोनॅझोल दोन टक्के असलेली बाटली औषधाच्या दुकानातली वस्तू, ती औषधासारखीच वापरावी: डोक्यावर चार-पाच मिनिटं ठेवून. आपण घाईत लगेच धुतो आणि मग औषधाला नावं ठेवतो.

आता ‘आयुर्वेदिक’ या शब्दाकडे, कारण पनवेलकर या बाबतीत उपरे नाहीत. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथेच आयुर्वेदिक औषधांचं उत्पादन सुरू केलं. ‘श्री धूतपापेश्वर’ हे नाव त्यातून उभं राहिलं. शास्त्रोक्त औषधाच्या लेबलावर कोणत्या ग्रंथातला पाठ आहे ते लिहिलेलं असतं. चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता असं नाव दिलं की ज्याला तपासायचं तो ग्रंथ उघडून ताडून पाहू शकतो. १९४० च्याच कायद्यात ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ असा दुसरा वर्ग आहे. वनस्पती ग्रंथांतल्या, पण मिश्रण कंपनीचं. बरेचसे आयुर्वेदिक शाम्पू या वर्गात बसतात. त्यांच्या पाठीवर ‘भृंगराज ५० मिलिग्रॅम, आवळा ४० मिलिग्रॅम’ अशी शिस्तीत मापं येतात आणि शेवटी तीन शब्द: ‘शाम्पू बेस क्यू. एस.’ क्यू. एस. म्हणजे ‘लागेल तेवढं’. दहा मिलिलिटरातली पाव चमचाही न भरणारी झाडं नावागावासकट आणि उरलेली जवळपास सगळी बाटली ‘लागेल तेवढं’! त्या ‘बेस’मध्ये लॉरेथ सल्फेट असलं तर मला राग नाही, नाव लपवलं याचा आहे.

औषध कोणतं आणि प्रसाधन कोणतं, हा वाद कोर्टातही लढला गेलाय. विकोच्या वज्रदंती आणि टर्मरिक क्रीमवर एक्साइज खात्याचं म्हणणं ही सौंदर्यप्रसाधनं, कंपनीचं म्हणणं आयुर्वेदिक औषधं. कर वेगळा, म्हणून भांडण. ते वर्षानुवर्षं चाललं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने संपलं. सप्टेंबर २०२५ मध्ये शाम्पूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कर वाचवण्यासाठी शाम्पूला ‘औषध’ म्हणवून घेण्याची ओढ आता कमी व्हायला हवी. होते का ते पाहायचं.

मग शिकेकाईच बरी, असं कोणी म्हणेल. माझी आजी दर रविवारी शिकेकाई, रिठा, नागरमोथा, गव्हला कचोरा उकळायची आणि त्या वासाने घर भरून जायचं. पण त्याच रविवारी डोळ्यांत पाणी गेल्यावर मी घर डोक्यावर घ्यायचे, तेही आठवतं. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतात. तीही फेसद्रव्यंच, तेलाला आणि पाण्याला दोन हातांनी धरणारी. झाडाने बनवलं म्हणून डोळ्याला ते कमी झोंबत नाही. शिकेकाईच्या बाजूने सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. तिचं पाणी किंचित आंबट असतं, कातडीच्या स्वभावाला जवळचं. वडीच्या साबणाचं पाणी खारट-तुरट, पीएच नऊ-दहाच्या घरातलं. त्याने केसाची खवली उघडतात आणि केस राठ होतात. पूर्वी साबणाने केस धुऊन वर लिंबू पिळायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. आजचा बरा शाम्पू साडेपाच-सहाच्या आसपास असतो. त्या बाबतीत तो साबणापेक्षा शिकेकाईचा जास्त सख्खा आहे, हे आजीला पटवता आलं नसतं.

साबणाची तुलना करायला सोपा आकडा आहे: टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लं. भारतीय मानकात टॉयलेट साबणाचे तीन दर्जे आहेत: पहिल्याला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालतात. वेष्टनाच्या कडेला ‘ग्रेड १’ आहे की ‘बेदिंग बार’, एवढं पाहायला दहा सेकंद लागतात. मात्र सिंडेट वडीला, म्हणजे कोकॉइल आयसेथियोनेटच्या वडीला, हा गज लावू नये. तिच्यात साबण फारसा नसतोच.

आणि पाणी. ही गोष्ट कुठल्याच बाटलीवर छापलेली नसते आणि पनवेलमध्ये तीच सगळ्यात जास्त फरक पाडते. शहराचं जुनं पाणी गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचं, पावसाचं साठलेलं, मऊ. उन्हाळ्यात धरण तळाला जातं, पाणी दिवसाआड होतं आणि सोसायट्या बोअरवेलकडे किंवा टँकरकडे वळतात. आपल्या काळ्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. मी दोन रिकाम्या बाटल्यांत दोन प्रकारचं पाणी घेऊन सारखाच साबण किसून घातला आणि हलवलं. धरणाच्या पाण्यात वाटीभर फेस आला. बोअरच्या पाण्यात आधी दह्याच्या गाठींसारखा पांढरा चोथा झाला, फेस नावालाही नाही. तोच चोथा बादलीच्या कडेला, फरशीवर आणि केसांवर बसतो. मग शाम्पूचे थेंब घातले तर दोन्ही बाटल्यांत फेस आला. म्हणून एप्रिल-मेमध्ये केस राठ झाले की शाम्पू बदलण्याआधी नळाला कोणतं पाणी येतंय ते वॉचमनला विचारावं. यादीत टेट्रासोडियम ईडीटीए दिसलं तर ते याच क्षारांना पकडायला घातलेलं असतं.

धुतलेलं पाणी कुठे जातं, हेही एकदा पाहायला हवं. तळोज्याच्या पोटातून कासाडी नदी जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या परिसरात निळी कुत्री फिरताना दिसली आणि त्यांचे फोटो जगभर गेले. औद्योगिक रंग त्यांच्या अंगाला लागला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद केला. त्या रंगाचा शाम्पूशी संबंध नव्हता. तरी तेव्हापासून निळ्या बाटलीवरचा ‘सीआय ४२०९०’ हा आकडा वाचला की मला ती कुत्री आठवतात. याला शास्त्रीय आधार काही नाही.

माझ्याकडे आता दोन बाटल्या आहेत. पावसाळ्यात साधा, शंभरीतला, लॉरेथ सल्फेट आणि बीटेन एकत्र असलेला शाम्पू. बीटेन सोबत असलं की सल्फेटचा बोचरेपणा उतरतो, म्हणून ही जोडी मला पुरते. बोअरच्या महिन्यांत ईडीटीए असलेला, थोडा महागाचा. दोन्हींत बेन्झोएट आहे, आयसोथायझोलिनोन नाही. त्या तीन पुड्या फोडल्या नाहीत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी त्या पाहिल्या आणि “नको असतील तर मी नेते” म्हणाल्या. यादी असलेली कोणती ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, आणि लाल पुडी उचलली. तिच्यावर यादी नव्हती. “हिचा वास दोन दिवस टिकतो,” त्या म्हणाल्या.